वेबच्या भाषा: कोणती कुठे चालते आणि पुढे काय सोपवते

सोलापुरात वाढलेल्या माणसाला एकाच दिवसात तीन-चार भाषा कानावर पडण्याचे नवल वाटत नाही. पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोलली जाते, बाजारात कानडी वळणाच्या मराठीत भाव ठरतो, कचेरीतले अर्ज मराठीत लिहिले जातात, शेजारच्या गल्लीत उर्दू ऐकू येते. आणि यांतली चांगली भाषा कोणती, असे कोणी कोणाला विचारत नाही, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली असते. वेब प्रोग्रॅमिंग शिकायला येणारा विद्यार्थी मात्र पहिल्याच दिवशी नेमके हेच विचारतो: एचटीएमएल शिकू की पीएचपी, जावास्क्रिप्ट बरी की पायथॉन? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण या भाषा एकमेकींच्या जागी बसणाऱ्या नाहीत. त्याऐवजी प्रत्येक भाषेबाबत दोन गोष्टी विचाराव्यात. ती कोणाच्या यंत्रावर चालते, आणि तिचे काम झाल्यावर ती पुढच्याच्या हाती काय ठेवते? पुढील सर्व पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती मांडल्या आहेत.

उदाहरण म्हणून असे समजू, की जुळे सोलापुरातील एका घरगुती उद्योगाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांची मागणी इंटरनेटवरून घ्यायची आहे. पदार्थांची यादी, मागणीचा अर्ज आणि आलेल्या मागण्यांची नोंद, एवढेच आपले काम. लेखात सर्व संज्ञा देवनागरीत दिल्या असल्या, तरी प्रत्यक्ष कोड टंकताना टॅगची (मजकुराचे भाग दाखवणाऱ्या खुणांची) व आज्ञांची नावे रोमन अक्षरांतच लिहावयाची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पायरी पहिली: तयार पान आतून पाहणे

काहीही लिहिण्याआधी संगणकावर एखादे नेहमीचे संकेतस्थळ उघडावे आणि कंट्रोल-यू ही कळजोडी दाबावी. जो मजकूर दिसतो तो एचटीएमएल आहे. नंतर एफ-बारा दाबून विकासकांसाठीची साधने उघडावीत, त्यांतील ‘नेटवर्क’ हा भाग निवडावा आणि पान पुन्हा लोड करावे. एका पानासाठी किती फाइली मागवल्या जातात, हे तेथे ओळीने दिसते: एक एचटीएमएल, काही सीएसएस, काही जावास्क्रिप्ट, चित्रे, फॉन्ट. त्या यादीत पीएचपीचा किंवा पायथॉनचा कोड कोठेही आढळणार नाही, एसक्यूएलही आढळणार नाही. त्या भाषा दुसऱ्याच यंत्रावर, म्हणजे पाने पुरवणाऱ्या सर्व्हरवर, आपले काम उरकून बाजूला झालेल्या असतात आणि ब्राउझरपर्यंत केवळ त्यांचे फलित पोहोचते. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर निम्मा गोंधळ मिटतो, म्हणून ही पायरी सोपी वाटली तरी गाळू नये.

पायरी दुसरी: एचटीएमएल

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हेतू कागदपत्रे एकमेकांना जोडण्याचा होता. एचटीएमएल आजही तेच करते. मजकुराचा कोणता भाग मथळा आहे, कोणता परिच्छेद, कोणता दुवा, कोणता अर्ज, एवढेच ती सांगते. ती निर्णय घेत नाही आणि हिशेबही करत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने तिला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणत नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ज्याने जकार्ड मागावर चादर विणली जाताना पाहिली असेल, त्याला हे चटकन समजेल. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ साली फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या मागात छिद्रे पाडलेली कार्डे कोणता धागा वर उचलायचा एवढेच सांगत. उचलण्याचे काम माग करी. एचटीएमएलची फाइल त्या कार्डासारखी आहे आणि ब्राउझर हा माग.

साध्या नोटपॅडमध्ये एक फाइल तयार करावी. पदार्थांच्या नावांसाठी मथळ्याचे टॅग, वर्णनासाठी परिच्छेदाचे टॅग आणि मागणीसाठी फॉर्मचा टॅग वापरावा. फाइल साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडावे आणि पानाच्या ‘हेड’ भागात तसे जाहीरही करावे. मराठी लिहिणाऱ्याला ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक जपावी लागते, कारण यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ब्राउझरने चुकीचे एन्कोडिंग गृहीत धरले, तर इंग्रजी मजकूर शाबूत दिसतो आणि मराठीच्या प्रत्येक चिन्हाऐवजी तीन-तीन विचित्र चिन्हे उमटतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला, म्हणजे युनिकोड नसलेला मराठी मजकूर तर येथे मुळीच चिकटवू नये. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. पानाची भाषा मराठी आहे असे ‘लँग’ या गुणधर्मातून सांगितले, की पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही योग्य उच्चार निवडता येतो.

पायरी तिसरी: सीएसएस

सीएसएसची कल्पना हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि तिची पहिली अधिकृत शिफारस १९९६ मध्ये झाली. तोपर्यंत रंग, आकार आणि मांडणी यांच्या सूचना एचटीएमएलमध्येच कोंबल्या जात, आणि शंभर पानांवरच्या मथळ्यांचा रंग बदलायचा तर शंभर पाने उघडावी लागत. सीएसएस स्वतंत्र फाइलमध्ये राहते, एचटीएमएल तिला दुव्याने बोलावते आणि दोन्ही ग्राहकाच्याच फोनवर एकत्र येतात. त्यांना जोडणारा धागा म्हणजे सिलेक्टर. एचटीएमएलने एखाद्या भागाला ‘क्लास’ म्हणून नाव द्यायचे, आणि सीएसएसने त्या नावाच्या सर्व भागांसाठी नियम सांगायचा. नाव एका ठिकाणी बदलून दुसरीकडे तसेच ठेवले, तर कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. नियम लागू व्हायचा तेवढा गुपचूप थांबतो, आणि नवख्याचा तासभर त्यात जातो. दोन नियम एकाच भागाबद्दल वेगवेगळे सांगत असतील, तर सिलेक्टर जितका नेमका तितके त्याचे वजन अधिक, आणि वजन सारखे असल्यास नंतर लिहिलेला नियम जिंकतो. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्यासाठी मीडिया क्वेरी वापरतात. गिऱ्हाईक बहुधा फोनवरूनच पाहणार, म्हणून आधी अरुंद पडद्याची मांडणी लिहावी आणि मग रुंद पडद्याकडे जावे.

पायरी चौथी: जावास्क्रिप्ट

येथे पहिल्यांदा खरा हिशेब सुरू होतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. तिचे नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट होते. त्या काळी जावा या भाषेचा बोलबाला असल्याने अखेरीस जावास्क्रिप्ट हे नाव पडले. जावा आणि जावास्क्रिप्ट या निराळ्या भाषा आहेत. एक येते म्हणून दुसरी येत नाही, आणि नोकरीच्या अर्जात एकीच्या जागी दुसरी लिहिणे महागात पडते.

ब्राउझर एचटीएमएल वाचून स्मृतीत पानाचे एक झाड उभे करतो, त्याला डॉम म्हणतात. जावास्क्रिप्ट मूळ फाइलला हात लावत नाही, ती या झाडाच्या फांद्या बदलते. ग्राहकाने शेंगाचटणीची तीन पाकिटे निवडली, की एकूण रक्कम तेथल्या तेथे दाखवणे हे तिचे काम. नवशिक्याची ठरलेली चूक अशी, की स्क्रिप्ट पानाच्या आरंभी बोलावली जाते, ती चालते तेव्हा झाडावर ते बटन आलेलेच नसते आणि एफ-बाराच्या साधनांतील ‘कन्सोल’ या भागात लाल अक्षरांत तक्रार उमटते. स्क्रिप्टच्या टॅगला ‘डिफर’ हा गुणधर्म दिला, की झाड पूर्ण होईपर्यंत ती थांबते.

आता पहिला प्रश्न पुन्हा विचारावा: हे कोणाच्या यंत्रावर चालते? ग्राहकाच्या. म्हणजे तेथील प्रत्येक गोष्ट ग्राहकाला बदलता येते. १२० रुपयांचे पाकीट एफ-बारा उघडून एक रुपयाचे करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यामुळे ब्राउझरमधील हिशेब ही ग्राहकाची सोय मानावी, आणि खरी किंमत सर्व्हरने स्वतःच्या नोंदीतून घेऊन पुन्हा गुणावी. याच कारणाने पासवर्ड किंवा गुप्त किल्ली जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये कधीही ठेवू नये.

पायरी पाचवी: सर्व्हरवरची भाषा आणि मधला करार

ग्राहकाने ‘मागणी नोंदवा’ हे बटन दाबले, की फॉर्ममधील माहिती एचटीटीपीच्या नियमांनुसार सर्व्हरकडे जाते. एचटीटीपी ही भाषा नव्हे, तो दोन यंत्रांमधला करार आहे: एकाने विनंती करायची, दुसऱ्याने एका क्रमांकासह उत्तर द्यायचे. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवरच काही बिघडले. या कराराला आठवण नसते. एका विनंतीनंतर दुसरी आली, तर माणूस तोच आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी कुकी वापरतात. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळतो तसा तो बिल्ला आहे. सर्व्हर एकदा देतो, ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर तो परत दाखवतो.

करार पाळला, की सर्व्हरवर कोणती भाषा आहे याने ब्राउझरला काहीच फरक पडत नाही. पीएचपी, पायथॉन, जावा, रुबी, यांपैकी कोणतीही चालेल. २००९ मध्ये आलेल्या नोड या साधनामुळे जावास्क्रिप्टही सर्व्हरवर चालू लागली. भाषा तीच राहिली तरी तेथे डॉम नसतो, आणि ब्राउझरमधले अनेक हातखंडे तेथे लागू पडत नाहीत.

नवख्याने सुरुवात पीएचपीने करावी असे माझे मत आहे, आणि त्यावर अनेक जण माझ्याशी वाद घालतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ च्या सुमारास स्वतःच्या वेबपानासाठी केलेल्या छोट्या साधनांतून ती वाढली, त्यामुळे एचटीएमएलच्या मधोमध ती सहज बसते आणि ‘सर्व्हरवरची भाषा एचटीएमएल तयार करून देते’ हे वाक्य डोळ्यांसमोर घडताना दिसते. तिचे जुने नमुने इंटरनेटवर भरमसाट आहेत आणि त्यांतले बरेच आज वापरण्याजोगे नाहीत, हा तिचा दोष मात्र मान्य करावा लागतो.

सरावासाठी संगणकावर झॅम्प बसवावे. त्यात सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात. पीएचपीची फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये, कारण तसे केल्यास सर्व्हर मध्ये येतच नाही आणि कोड जसाच्या तसा दिसतो किंवा फाइल उतरवली जाते. ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवून ब्राउझरच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट’ या पत्त्याने उघडावी. त्यानंतर पुन्हा कंट्रोल-यू दाबून पाहावे. पीएचपी नाहीशी झालेली असेल आणि तिने तयार केलेले एचटीएमएल तेवढे उरलेले असेल.

पायरी सहावी: एसक्यूएल आणि डेटाबेस

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम विनंती संपली की सारे विसरतो, म्हणून मागण्या डेटाबेसमध्ये ठेवाव्या लागतात. माहिती तक्त्यांत ठेवून त्यांचे संबंध जोडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, आणि एसक्यूएल ही त्याच पायावर उभी राहिलेली विचारणा करण्याची भाषा आहे. हवे काय ते तिला सांगायचे. कसे शोधायचे ते डेटाबेस ठरवतो. आपल्या कामासाठी तीन तक्ते पुरतात: पदार्थ, ग्राहक आणि मागण्या. मागणीच्या ओळीत पदार्थाचे नाव न लिहिता त्याचा क्रमांक लिहावा, आणि मागणीच्या वेळची किंमत मात्र त्याच ओळीत नोंदवून ठेवावी, कारण शेंगदाण्याचा भाव चढला म्हणून मागच्या महिन्याची बिले बदलता कामा नयेत.

पीएचपी एसक्यूएलचे वाक्य तयार करून डेटाबेसकडे पाठवते. ग्राहकाने टंकलेला मजकूर थेट त्या वाक्यात चिकटवला, तर रोमन लिपीत लिहिलेल्या नावात ॲपॉस्ट्रॉफी हे चिन्ह असलेल्या एखाद्या डिसोझांची (D’Souza) मागणीही अडते, आणि दुष्ट हेतूचा माणूस त्याच फटीतून स्वतःची आज्ञा डेटाबेसकडे पाठवू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वाक्याचा साचा वेगळा आणि माहिती वेगळी पाठवणारी ‘प्रीपेअर्ड स्टेटमेंट’ पहिल्या दिवसापासून वापरावीत. नंतर बदलू असे म्हणणारा सहसा बदलत नाही.

देवनागरीचा प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ या जुन्या नावाच्या संचात प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. मराठी त्यात बसते, त्यामुळे सारे ठीक आहे असा समज होतो. पण ग्राहकाने निरोपाच्या शेवटी एखादा इमोजी टाकला, की त्याला चार बाइट लागतात आणि नोंद अडते किंवा तुटते. तक्ते तयार करतानाच ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा संच निवडावा.

याहून बोधप्रद अडचण अंकांची आहे. समजा, ग्राहकाने साध्या मजकुराच्या चौकटीत नगांची संख्या मराठी कळफलकावरून ‘२’ अशी लिहिली. जावास्क्रिप्टला तिचे संख्येत रूपांतर करायला सांगितले, तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. पीएचपीत सक्तीने पूर्णांक करायला लावले, तर शून्य मिळते आणि कोणी तक्रारही करत नाही. पायथॉनचे पूर्णांक करणारे फंक्शन मात्र देवनागरी अंक ओळखते आणि दोन असेच उत्तर देते. एकच चिन्ह तीन भाषांच्या हाती तीन निराळे अर्थ घेऊन पोहोचते. म्हणून माहिती एका भाषेकडून दुसरीकडे जाते त्या प्रत्येक उंबरठ्यावर ती तपासून घ्यावी, आणि या उदाहरणात देवनागरी अंक स्वीकारून सर्व्हरवर आरंभीच इंग्रजी अंकांत (0 ते 9) बदलावेत.

पायरी सातवी: पान न बदलता देवाणघेवाण

मागणी पाठवल्यावर संपूर्ण पान पुन्हा लोड होणे टाळायचे असेल, तर जावास्क्रिप्ट पडद्याआडून सर्व्हरला विनंती करते आणि उत्तर आल्यावर झाडाची तेवढीच फांदी बदलते. या तंत्राला २००५ मध्ये एजॅक्स हे नाव मिळाले. त्या नावात एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची पद्धत दडलेली आहे, पण आज बहुतेक ठिकाणी माहिती जेसन या दुसऱ्या पद्धतीत जाते-येते. जेसनचे रूप जावास्क्रिप्टमधून घेतलेले असले तरी त्यात आज्ञा नसतात, फक्त माहिती असते, आणि पीएचपी, पायथॉन, जावा या सर्वांना ती वाचता येते. सर्व्हरने एचटीएमएलऐवजी जेसन द्यायला सुरुवात केली, की त्या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. मग तीच माहिती उद्या मोबाइल ॲपलाही पुरवता येते.

पायरी आठवी: चौकटी (फ्रेमवर्क) आणि तयार साधने

रिॲक्ट, बूटस्ट्रॅप, लाराव्हेल, जँगो, वर्डप्रेस ही नावे ऐकून नवशिके घाबरतात. यांतील एकही नवी भाषा नाही. बूटस्ट्रॅप हे मुख्यतः तयार सीएसएस आहे, रिॲक्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहे, लाराव्हेल आणि वर्डप्रेस पीएचपीत, तर जँगो पायथॉनमध्ये. टाइपस्क्रिप्ट ही स्वतंत्र भाषा असली तरी ब्राउझरकडे जाण्याआधी तिचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करतात. खालची भाषा न शिकता चौकट शिकलेला माणूस, चौकट बिघडली की हात टेकतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पायरी नववी: चूक कोठे आहे ते शोधणे

नवख्याचा बहुतेक वेळ चुका शोधण्यात जातो, आणि तेथेच या भाषांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते. पडद्यापासून आत जावे. मागणी नोंदली गेली नाही, तर आधी कन्सोल पाहावा. तेथे लाल ओळ असेल तर विनंती बाहेरच पडली नसण्याची शक्यता आहे. कन्सोल स्वच्छ असेल तर नेटवर्कमध्ये ती विनंती शोधावी आणि तिच्यात काय पाठवले गेले ते वाचावे. फॉर्ममधील चौकटीला ‘नेम’ हा गुणधर्म दिलेला नसेल, तर त्या चौकटीतली माहिती सर्व्हरकडे जातच नाही, आणि दोष मात्र पीएचपीला दिला जातो. उत्तर ४०४ असेल तर पत्ता तपासावा. संगणकावर चाललेले पान भाड्याच्या सर्व्हरवर न चालण्याचे नेहमीचे कारण हे, की विंडोजला फाइलच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे सारखीच वाटतात आणि लिनक्सला ती वेगळी वाटतात. उत्तर ५०० असेल तर ब्राउझरकडे पाहत बसण्यात अर्थ नाही, सर्व्हर आपल्या चुका टिपून ठेवतो ती लॉग फाइल उघडावी. उत्तर २०० येऊनही नोंद नसेल, तर तेच एसक्यूएल वाक्य डेटाबेसच्या खिडकीत हाताने चालवून पाहावे.

सर्व काही बरोबर असूनही उत्तर चुकते, असा एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण त्यात प्रत्येक भाषा आपापल्या जागी निर्दोष असते. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत १४ जानेवारीला मध्यरात्रीनंतर दोन वाजता कोणी कडक भाकरीची मागणी नोंदवली, तर यूटीसी या, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या, जागतिक प्रमाण वेळेवर चालणारा सर्व्हर तिच्यापुढे १३ जानेवारी, २०:३० असे लिहितो, आणि सकाळी १४ तारखेची यादी काढणाऱ्याला ती मागणी सापडत नाही. नोंद यूटीसीतच ठेवावी, ग्राहकाला दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ या वेळेत बदलावी, आणि दिवसाची यादी काढणाऱ्या एसक्यूएलमध्ये १४ तारखेचा आरंभ यूटीसीच्या १३ तारखेला १८:३० पासून धरावा.